बी.एस्सी. नर्सिंगची पुस्तकं: सीनियरचा जुना संच घ्यावा का?

प्रश्न: चोपडेकर

बहिणीला बी.एस्सी. नर्सिंगला ॲडमिशन मिळालंय. बारावी सायन्स झाली, पण दहावीपर्यंत मराठी माध्यम. कॉलेजने यादी दिली, त्यात एकेका विषयाला तीन-तीन पुस्तकं. सगळी नवी घ्यायची म्हटली तर कापूस घरात यायच्या आत उधारी होईल. एक सीनियर ताई चारही वर्षांचा संच निम्म्या किमतीत देतेय, पण आवृत्त्या 2014-15 च्या आहेत. घ्यावा का? इंग्रजी झेपेल असं पुस्तक कोणतं? आणि ‘फर्स्ट इयर’ लिहिलेलं गाईड चालेल का? जाणकारांनी सांगा.

उत्तर: पुस्तकघर, धुळे

भाऊ, आधी इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या वेबसाइटवरून नव्या अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून घ्या. ती फुकट आहे. 2021 पासून बी.एस्सी. नर्सिंग सत्र पद्धतीने चालतं. ‘फर्स्ट इयर’चं गाईड बहुतेक जुन्या वार्षिक पद्धतीचं असतं, त्यात पहिल्या आणि दुसऱ्या सत्राचे विषय एकत्र कालवलेले असतात.

पहिल्या सत्रात इंग्रजी, ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी आणि नर्सिंग फाउंडेशनचा (शुश्रूषेची मूलभूत कामं) पहिला भाग. बायोकेमिस्ट्री आणि न्यूट्रिशन दुसऱ्यात. मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी तिसऱ्यात सुरू होतं. पूर्वीचं ‘मेडिकल-सर्जिकल’ आता ‘ॲडल्ट हेल्थ नर्सिंग’ झालंय, त्यामुळे यादीत नाव सापडलं नाही तर घाबरू नका.

चार वर्षांचा संच एकदम उचलू नका. चौथ्या वर्षाचं पुस्तक तोवर आणखी जुनं झालेलं असेल. त्या ताईकडून ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी तेवढी मागा. हृदयाचे कप्पे 2014 मध्ये चार होते, आजही चारच आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला रॉस आणि विल्सनचं ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी झेपतं, कारण वाक्यं लहान आणि चित्रं भरपूर. चौरसियांचं ॲनाटॉमीचं पुस्तक डॉक्टरकीच्या मुलांसाठी आहे. लायब्ररीत चाळायला ठीक, विकत घेऊ नका.

नर्सिंग फाउंडेशन मात्र नवंच घ्या. एका विषयाला एकच पुस्तक, बाकीची दोन लायब्ररीत असतातच.

उत्तर: ट्यूटर मॅडम

वरच्या उत्तराशी सहमत. फाउंडेशन नवं का, ते सांगते. जुन्या आवृत्त्यांत सगळं चुकत नाही, ठराविक पानं चुकतात, आणि नेमकी तीच परीक्षेत आणि वॉर्डात लागतात.

पहिलं पान कचऱ्याचं. बायोमेडिकल वेस्टचे नियम 2016 मध्ये बदलले. 2014 च्या पुस्तकात 1998 चे नियम असतात. त्यात काळी पिशवी आहे आणि सुया निळ्या किंवा पांढऱ्या डब्यात टाकायला सांगितल्यात. आता पिवळ्यात रक्ताने माखलेला कापूस, ड्रेसिंग, मुदत संपलेली औषधं. लाल पिशवीत आयव्ही सेट, कॅथेटर, ग्लोव्हज, सुई काढलेली सिरिंज. सुया आणि ब्लेड पांढऱ्या पारदर्शक, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात. निळ्यात काच, म्हणजे रिकाम्या व्हायल, फुटलेले अँप्युल. जुनं पुस्तक पाठ करून आलेली मुलगी सुई निळ्यात टाकते आणि सफाईच्या मावशींच्या हाताला ती टोचते.

दुसरं सीपीआर, म्हणजे हृदय थांबलं की छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवणं. 2014 च्या पुस्तकात ‘मिनिटाला किमान 100’ दाब एवढंच असतं. आता 100 ते 120, आणि मोठ्या माणसात छाती 5 सेंटिमीटर तरी दबली पाहिजे, 6 च्या पुढे नको. 30 दाब, 2 श्वास. वरची मर्यादा एवढ्यासाठी, की फार घाईने दाबलं तर खोली कमी पडते आणि छाती पूर्ण वर यायच्या आत पुढचा दाब बसतो, मग हृदयात रक्त भरतच नाही.

पुढच्या सत्रांसाठी लिहून ठेवा: लसीकरणाचा तक्ता (जुन्यात गरोदर बाईला टीटी म्हणजे धनुर्वाताची लस, आता टीडी म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींची; गोवर-रुबेलाची एमआर, रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकलची पीसीव्ही या लसी जुन्या तक्त्यात सापडणार नाहीत), क्षयरोग (जुन्यात आठवड्यातून तीनदा गोळ्या आणि आधी उपचार झालेल्यांसाठी वेगळी ‘कॅटेगरी दोन’, आता रोजचा डोस), मानसिक आरोग्याचा कायदा (1987 चा जाऊन 2017 चा आला). कम्युनिटी हेल्थचं (सार्वजनिक आरोग्याचं) पार्क यांचं पुस्तक जुनं असेल तर आजारांची प्रकरणं वाचा, राष्ट्रीय कार्यक्रमांची नकोत.

गाईडबद्दल: नको म्हणजे नकोच. केअर प्लॅनमध्ये, म्हणजे रुग्णाच्या शुश्रूषेच्या लेखी आराखड्यात, ‘रॅशनल’चा (कारणाचा) रकाना असतो. रुग्णाला दर दोन तासांनी कूस का बदलायची, ते तिथे लिहायचं. गाईडमध्ये कृती असते, कारण नसतं. मग पोरी सगळ्या रकान्यात ‘टू प्रमोट कम्फर्ट’ लिहून मोकळ्या होतात.

उत्तर: नाइट ड्यूटी

मॅडम, परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस गाईड चालतं हो. मोठा प्रश्न किती लांबीचा लिहायचा, ते त्यातूनच कळतं. वर्षभर त्यावर राहू नये, एवढंच.

चोपडेकर भाऊ, दोन गोष्टी कोणी सांगत नाही. ब्रिटिश पुस्तकात रक्तातली साखर मिलिमोल या एककात असते. 5.5 वाचून पोरगी म्हणते, पेशंट गेला की काय! 18 ने गुणायचं, म्हणजे आपल्या लॅबचा मिलिग्रॅममधला आकडा येतो, साधारण 99. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) मायक्रोमोलमध्ये दिलं असेल तर 88.4 ने भागायचं. अमेरिकन पुस्तकात औषधांची नावं वेगळी: ॲसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, एपिनेफ्रिन म्हणजे ॲड्रेनॅलिन, अल्ब्युटेरॉल म्हणजे सॅल्ब्युटामॉल. पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर पहिल्याच दिवशी ही यादी लिहून चिकटवा.

दुसरं, झेरॉक्स. पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स स्वस्त मिळते, पण काळ्या-पांढऱ्यात धमनी कोणती आणि शीर कोणती, तेच कळत नाही. आणि दशांशाचा ठिपका उडतो. ‘.5 मिग्रॅ’ छापलं असेल तर झेरॉक्समध्ये ‘5 मिग्रॅ’ दिसतं, म्हणजे दहापट डोस! नक्कल केलेली पुस्तकंही अशीच: कागद पातळ, मागची छपाई पुढे दिसते, चित्रातली नावं पुसट. घ्यायच्या आधी औषधांच्या डोसचं पान उघडून उजेडात धरा.

डोसची गणितं रोज दोन सोडवायला लावा. 12 किलोचं पोर, पॅरासिटामॉल किलोला 15 मिग्रॅ, म्हणजे 180 मिग्रॅ. बाटलीवर 5 मिलीत 125 असेल तर 7.2 मिली, 250 असेल तर 3.6. चूक गुणाकारात होत नाही, बाटली न वाचल्याने होते. सलाईनचंही तसंच. 500 मिली 4 तासांत द्यायचंय, सेट मिलीला 20 थेंबांचा: 500 गुणिले 20, भागिले 240 मिनिटं, मिनिटाला 42 थेंब. परदेशी पुस्तकातली उदाहरणं 10 किंवा 15 थेंबांच्या सेटची असतात. उत्तर पाठ करू नये, सेटच्या पाकिटावरचा आकडा बघावा. मायक्रो सेट मिलीला 60 थेंबांचा.

चोपडेकर

आभार सगळ्यांचे. म्हणजे ताईकडून चार पुस्तकं आणि फाउंडेशन नवं. बहिणीला पुढे कम्युनिटीची पोस्टिंग धडगावकडे लागू शकते म्हणतात. त्यासाठी वेगळं काही घ्यायचं का?

उत्तर: अक्राणी

वेगळं पुस्तक नको भो, एक प्रकरण नीट वाचायचं: सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या होऊन अडकतात तो आनुवंशिक आजार. परदेशी पुस्तकांत ते रक्ताच्या आजारांत उरकून टाकतात. आपल्याकडे सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांमध्ये ते रोजच्या कामाचं आहे. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन 2023 च्या जुलैत सुरू झालं, त्यामुळे जुन्या पुस्तकात ते नसणार. त्याच्या मार्गदर्शक सूचना आरोग्य खात्याच्या साइटवर मिळतात.

तिने हे पक्कं करावं: सोल्युबिलिटी ही पहिली चाळणी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजारच आहे असं नाही, नुसता वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेला) असला तरी ती पॉझिटिव्ह येते. पक्कं निदान एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्यांनी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सोल्युबिलिटीवर भरवसा ठेवू नये, गर्भातलं हिमोग्लोबिन अजून जास्त असतं. दुखणं उसळलं की बर्फ लावायचा नाही, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि पेशी आणखी अडकतात. कोमट शेक, भरपूर पाणी, सांगितलेलं दुखण्याचं औषध वेळेवर. मेच्या उन्हात मजुरीला जाणाऱ्या पेशंटला पाण्याची बाटली सोबत ठेवायला सांगणं हाही केअर प्लॅनच आहे, आणि त्याचं रॅशनल तिला लिहिता आलं पाहिजे.

वाहक आणि रुग्ण असा आनुवंशिकतेचा चौकोन वहीत काढायचा सराव करा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता 25 टक्के. पाड्यावर बरेच जण ‘चारपैकी एक पोर’ असं समजून घेतात आणि पहिलं आजारी निघालं की पुढची तीन बरी म्हणून निवांत होतात. तिथे चौकोन खडूने अंगणात काढून दाखवावा लागतो.