मिडी गिटार: ‘वेगळा पिकअप कशाला?’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पाचवा फ्रेट: मिडी गिटार म्हणजे वाजवलेला सूर मिडी या डिजिटल संदेशात बदलून सिंथचे (इलेक्ट्रॉनिक वाद्याचे) आवाज काढणारी गिटार. काल एकाने ठासून लिहिलं, की हेक्साफोनिक पिकअप (प्रत्येक तारेचा सिग्नल वेगळा घेणारा) मोडीत काढा, साधी जॅक ऑडिओ इंटरफेसला लावा, सूर ओळखून मिडीत बदलणारं जॅम ओरिजिनचं सॉफ्टवेअर चालवा, झालं काम. घरी रेकॉर्डिंगला ते चांगलंच आहे, मीही वापरतो. पण साध्या पिकअपमधून सहाही तारांचा एकत्र कालवलेला सिग्नल येतो. पहिली तार मोकळी छेडा किंवा दुसरी पाचव्या फ्रेटवर दाबा, सूर तोच! कुठली तार वाजली हे सॉफ्टवेअरला कळणार कसं? जीके-3 किंवा ट्रिपलप्ले या हेक्साफोनिक पिकअपांमध्ये प्रत्येक तारेचा सिग्नल वेगळा, म्हणून सहा तारा सहा मिडी चॅनेलवर जातात. तारेनुसार आवाज वाटायचे असतील तर साध्या पिकअपने भागत नाही.

लॅपटॉपवाला: आणि एवढा खर्च करून खर्जाच्या तारेवर बास उशिराच येतो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ढोलकीच्या मागे फरफटत वाजवलंय मी. हजारो रुपये त्यासाठी घालायचे?

पाचवा फ्रेट: खर्जाच्या तारेचा ई साधारण 82 हर्ट्झ. एक आवर्तन पुरं व्हायलाच 12 मिलिसेकंद लागतात, आणि त्याआधी सूर ओळखणार कोण? तुमच्या सॉफ्टवेअरलाही तेच गणित आहे. बास वरच्या सप्तकात वाजवा, सिंथमध्ये एक सप्तक खाली उतरवा.

सनईप्रेमी: बासचं राहू द्या. गिटारवरून सनई वाजवताना मींड कुणाची नीट येते? माझी तर नुसती थरथरते. त्यापेक्षा कीबोर्डवाल्याचं सूर ओढायचं व्हील बरं.

पाचवा फ्रेट: कन्व्हर्टरवर (गिटारचा सूर मिडीत बदलणारं यंत्र) पिच बेंड रेंज, म्हणजे सूर किती अर्धस्वर ओढता येईल ती मर्यादा, 24 आणि सिंथवर 2 असेल तर थरथरणारच! दोन अर्धस्वरांची ओढ तिथे अर्धस्वराचा सहावा हिस्सा होऊन पोचते. दोन्हीकडे 24 ठेवा. पियानोला मात्र बेंड बंद करा, नाहीतर बोट जरा हललं की बेसूर.

लॅपटॉपवाला: म्हणजे सेटिंग न करता दोष द्यायचा.

सनईप्रेमी: तोंड सांभाळून बोला. वीस वर्षं वरातीत वाजवतोय, मॅन्युअल वाचायला कुणी दिलं नव्हतं. आणि कीबोर्डवाल्याला व्हीलसाठी डावा हात मोकळा असतो, तरी मींडेत जीव नसतो. तार ओढताना बोटाला जे कळतं ते व्हीलला कुठलं? एवढं गिटारच्या बाजूने लिहून ठेवा.

जुनी केबल: जीके पिकअपच्या जुन्या 13 पिनच्या केबलबद्दल कुणी बोलेल का? 2023 मध्ये बॉसचं जीएम-800 हे गिटार सिंथ आलं, त्याला सिरीयल जीके ही नवी डिजिटल जोडणी. जुनी गिटार लावायची तर मध्ये जीकेसी-एडी हा जुन्याचं नव्यात रूपांतर करणारा डबा घ्या. सगळ्या गिटारींवर जीके-3 बसवून घेतलेल्यांनी काय करायचं?

पाचवा फ्रेट: बॉसचंच एसवाय-1000 गिटार सिंथ बघा, 13 पिनही आहे आणि मिडी आऊटही.

लॅपटॉपवाला: ठीक, तारेनुसार चॅनेलचा मुद्दा मान्य. पण शिकणाऱ्या पोराला आधी सॉफ्टवेअरच सांगणार मी. पिकअप नंतर घेता येतो.

पाचवा फ्रेट: सांगा. पण ‘गरजच नाही’ म्हणू नका. आणि सनईवाले, रेंज बदलली की लिहा.

सनईप्रेमी: बदलली. ओढ पोचतेय. ढोलकीवाल्यासोबत वाजवल्याशिवाय बाकी काही कबूल करणार नाही.