सांगलीहून आलेलं रक्त

वर कुणीतरी लिहिलंय की नेटवरची ओळख म्हणजे पाण्यावरची रेघ, अडीअडचणीला शेजारीच धावून येतो. शेजाऱ्यांचं खरंच आहे. आईच्या ऑपरेशनच्या वेळी आमची लालबागची अर्धी चाळ रक्त द्यायला उभी होती. पण आईचा गट निघाला 'बॉम्बे'. साध्या तपासणीत तो ओ वाटतो, पण ओ गटाच्या लाल पेशींवर असणारा 'एच अँटीजेन' नावाचा घटकच त्यात नसतो, म्हणून ओ गटाचं रक्तही चालत नाही. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली याच मुंबईत तो शोधला. भारतात साधारण १० हजारांत १. नेहमीसारखं फ्रीजमध्ये साठवून ठेवावं तर लाल पेशी सहा आठवड्यांच्या पुढे टिकत नाहीत. ऐनवेळी माणूसच शोधावा लागतो.

भाचीने रात्री अकराला या गटाच्या दात्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकला. पावणेबाराला सांगलीहून फोन, "ताई, मी निघतोय, फक्त वॉर्ड सांगून ठेवा." सकाळी तो मुलगा ट्रॅव्हल्सने दादरला उतरला. पाठीला सॅक, हातात भडंगाचा पुडा. डोळे जागरणाने लाल. रक्त दिलं, आईच्या पाया पडला. गाडीभाडं काही केल्या घेईना!

त्याला माझ्या घरी कुणीच ओळखत नव्हतं हो. मला आजही ते आठवलं की भरून येतं. गेल्या महिन्यात त्याच्या बहिणीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. मांडवात आईचा हात धरून तो प्रत्येकाला सांगत होता, "या माझ्या मुंबईच्या काकू."