नॉर्फोक ते सेंट ऑगस्टिन मोटरबोटीने : आम्हां दोघांनाच हा प्रवास झेपेल का?

वाशिष्ठीकाठ :
नमस्कार. मी आणि माझी पत्नी गेली बावीस वर्षे व्हर्जिनियात राहतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही ३४ फुटी, एकाच डिझेल इंजिनाची, जुनी पण सुस्थितीतील ट्रॉलर (राहण्याची सोय असलेली संथ मोटरबोट, मासेमारीची नव्हे) घेतली आणि आजवर चेसापीक उपसागरात शनिवार-रविवारच्या फेऱ्या केल्या. यंदा मी निवृत्त होत आहे. ऑक्टोबरअखेर नॉर्फोकहून निघून अटलांटिक इंट्राकोस्टल वॉटरवेने, म्हणजे किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या खाड्या, नद्या आणि कालव्यांच्या मार्गाने, फ्लोरिडातील सेंट ऑगस्टिन गाठावे असा विचार आहे. माझे बालपण दाभोळला गेले आणि तरीतून खाडीपलीकडे जाणे हा तेव्हा नेहमीचाच भाग होता, त्यामुळे पाण्याची मला भीती नाही. पत्नी मात्र सोलापूरची असून तिला पोहता येत नाही.

नकाशावर अंतर ७७८ मैल दिसते. आमची बोट ताशी आठ मैल चालते, तेव्हा रोज दहा तास चालवली तर दहा दिवसांत पोहोचू असा माझा हिशोब आहे. सुकाणू मी सांभाळीन, दोर आणि फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून मध्ये लटकवायच्या उशा) पत्नी पाहील. हा हिशोब कितपत बरोबर आहे? सुरुवातीला डिस्मल स्वॅम्प कालवा घ्यावा की ग्रेट ब्रिजच्या लॉकचा (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदाचा) दुसरा मार्ग? आणि जॉर्जियातील उथळ पाण्याबद्दल सगळे इतके का बोलतात?

संथ_लाट :
आम्ही दोघे या मार्गाने तीनदा गेलो आहोत. आपला गुणाकार बरोबर आहे. मात्र त्यातले दहा तास आपल्याला मिळणार नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि त्यानंतर चार्ल्सटनच्या आसपास सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात अनोळखी खाडीत नांगर टाकणे टाळायचे असेल, तर दुपारी चारपर्यंत जागा धरलेली बरी. शिवाय वाटेतले पूल आपल्या सोयीने उघडत नाहीत. राइट्सव्हिल बीचचा पूल तासाच्या ठोक्याला उघडतो. तो पाच मिनिटांनी चुकला, तर उरलेली पंचावन्न मिनिटे प्रवाहात बोट एका जागी धरून ठेवावी लागते. कॅम्प लेजून या लष्करी तळावर गोळीबाराचा सराव चालू असला, की तिथला जलमार्ग काही वेळ बंद ठेवतात. सर्वांत अधिक दिवस खाते ती अल्बमार्ल साउंड ही मोठी खाडी. ती विस्तीर्ण आणि उथळ असल्यामुळे वारा चढला, की आखूड, उभ्या लाटा एकामागून एक येतात आणि आपल्या आकाराच्या बोटीत भांडीकुंडीसुद्धा जागेवर राहत नाहीत. वारा पडेपर्यंत एलिझाबेथ सिटीत थांबणे हाच तिथला शहाणपणा.

म्हणून रोज चाळीस ते पन्नास मैल धरावेत आणि एकूण चार आठवडे हाताशी ठेवावेत. डिझेलचा हिशोब सोपा आहे : सुमारे सत्त्याण्णव तास इंजिन चालेल आणि अशी बोट ताशी तीन गॅलन पिते असे धरले, तर तीनशे गॅलनच्या आत भागते. वादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो. त्यामुळे कोणत्या तारखेआधी किती दक्षिणेला जाण्यास आपल्या विम्याची मुभा आहे, हे निघण्यापूर्वी पॉलिसीत वाचून घ्यावे.

मार्गाचे विचाराल, तर पहिल्या खेपेस डिस्मल स्वॅम्प कालवाच घ्या. हा बावीस मैलांचा कालवा १८०५ साली वाहतुकीस खुला झाला. गुलामगिरीत ठेवलेल्या माणसांनी कमरेइतक्या चिखलात उभे राहून तो हातांनी खणला, आणि दोन्ही बाजूंनी झाडे वाकलेल्या त्या सरळ पट्ट्यातून जाताना ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पाणी कोऱ्या चहासारखे गडद तपकिरी दिसते. तो दलदलीतल्या पानांचा आणि सालींचा रंग आहे, घाण नव्हे. हिरव्या टिकल्यांसारखे शेवाळ काही दिवशी पाण्यावर इतके पसरलेले असते, की इंजिन थंड ठेवायला बाहेरून घेतलेल्या पाण्याची गाळणी दोन-तीनदा उघडून हाताने साफ करावी लागते. तापमानाच्या काट्यावरून नजर हलवू नका, आणि पाण्यात अर्धवट बुडालेले ओंडके असतात म्हणून वेग कमी ठेवा. कालव्यानंतर एलिझाबेथ सिटी लागते. तिथे स्वयंसेवक पाहुण्या बोटींना गुलाबाचे फूल देतात आणि ही पद्धत १९८३ पासून चालत आली आहे. माझ्या पत्नीने पहिल्या वर्षीचे फूल वाळवून नकाशाच्या वहीत जपून ठेवले आहे.

सुकाणू_माझ्याकडे :
दादा, आपल्या प्रश्नातल्या एकाच वाक्यावर मला लिहायचे आहे : "सुकाणू मी सांभाळीन, दोर पत्नी पाहील." आमच्याकडेही दोन वर्षे असेच चालले होते.

दुसऱ्या वर्षी चार्ल्सटनच्या दक्षिणेला एका धक्क्याला लागताना यजमान हातात दोर घेऊन बोटीवरून उडी मारून उतरले, ओल्या फळीवर त्यांचा पाय घसरला आणि मनगट मोडले. दोर पाण्यात पडला, ओहोटीच्या ओढीने बोट मागे सरकू लागली, आणि आत मी अशी उभी होते, की गिअरचा दांडा कोणत्या दिशेला ढकलला म्हणजे बोट पुढे जाते हेही मला ठाऊक नव्हते. शेजारच्या बोटीवरच्या एका वयस्कर बाईंनी काठावरून एकेक सूचना ओरडून सांगितली, म्हणून मी पंधरा मिनिटांनी बोट धक्क्याला लावू शकले. त्या पंधरा मिनिटांत यजमान हात छातीशी धरून धक्क्यावर बसले होते. त्यांचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

तेव्हापासून धक्क्याला लागताना आणि निघताना सुकाणू माझ्याकडे असते आणि दोर ते सांभाळतात. विचार केला तर हेच रीतसर आहे, कारण दोर ओढायला ताकद लागते, सुकाणू फिरवायला लागत नाही. मी जे शिकले ते सांगते. धक्क्याच्या खांबांपाशी पाणी कोणत्या बाजूला फुटते आहे ते आधी पाहायचे आणि बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, नेहमी प्रवाहाच्या तोंडाला ठेवून जवळ जायचे. मग पाणीच ब्रेकचे काम करते. पहिला दोर बोटीच्या मधल्या क्लीटवरून (दोर अडकवायच्या खुंटीवरून) द्यायचा, म्हणजे पुढचे-मागचे दोर सावकाश बांधता येतात. उडी कोणीही मारायची नाही. जमले नाही तर गोल फिरून पुन्हा यायचे.

आपल्या पत्नींना पोहता येत नसले तरी हा प्रवास अडत नाही, मात्र पाण्यात पडताच आपोआप फुगणारे जॅकेट डेकवर दोघांनीही घालावे. आपण पाण्यात पडलात, तर बोट वळवून आणणाऱ्या त्या एकट्याच असतील. रेडिओही त्यांना यायला हवा : संकटासाठी १६ वा चॅनेल, पुलांशी बोलायला नॉर्थ कॅरोलायनापर्यंत १३ वा आणि त्यापुढे ९ वा. व्हर्जिनियात आपल्यासारखी मोटरबोट चालवणाऱ्याला सुरक्षा अभ्यासक्रम बंधनकारक आहे, तेव्हा त्यांचे प्रमाणपत्र झाले नसेल तर तिथूनच सुरुवात करावी.

भांगाची_भरती :
जॉर्जियाबद्दल. जलमार्गाने हे राज्य सुमारे १४० मैलांचे आहे आणि तिथे भरती-ओहोटीतला फरक सात ते नऊ फूट असतो. हेल गेट, लिटल मड रिव्हर आणि जेकिल क्रीक या तीन ठिकाणी गाळ साचतो; पूर्ण ओहोटीला तिथे गेलात तर रुताल. चढत्या पाण्यात गेलात तर रुतली तरी बोट थोड्याच वेळात आपणहून तरंगते. उतरत्या पाण्यात रुतली, तर पुढचे कित्येक तास कलंडून बसावे लागते. टोइंगचे वार्षिक सदस्यत्व घेऊन ठेवा, पण त्याची वेळ येऊ देऊ नका.

आपण कोकणातले, म्हणून एक सावधगिरीची सूचना. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची आपली रीत इथे चालत नाही. आपल्याकडे पुनवेला आणि अवसेला पूर्ण भरती बाराच्या सुमारास येते. जॉर्जियाच्या किनाऱ्यावर ती सकाळी आठ-नऊच्या सुमारास येते. रोज पाऊण तासापेक्षा थोडी अधिक पुढे सरकणे आणि उधाण-भांगाचे चक्र मात्र तेच आहे. यातून एक फायदा करून घेता येतो. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे ओहोटी फार खोल जात नाही. आणि त्याच दिवसांत तिथे सकाळी आठ-नऊला ओहोटी संपून दुपारी दोन-तीनपर्यंत पाणी चढत असते. सकाळी नांगर उचलायचा आणि अकराच्या पुढे चढत्या पाण्यात उथळ जागा पार करायची. मी दोन्ही खेपांना साव्हानापाशी अष्टमीची वाट पाहत दोन-तीन दिवस थांबलो आणि एकदाही तळ लागला नाही. नेमक्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या तक्त्यातूनच घ्या, कारण आतल्या खाड्यांत पाणी उशिरा पोहोचते.

आणखी एक : दक्षिणेला जाताना खुणेच्या पाटीवरचा पिवळा त्रिकोण उजव्या हाताला आणि पिवळा चौकोन डाव्या हाताला ठेवायचा. नदीमुखांशी लाल-हिरव्या खुणांच्या बाजूंची अदलाबदल होते, तिथे पिवळी खूणच प्रमाण माना.

वाशिष्ठीकाठ :
मूळ प्रश्न माझ्या यजमानांनी विचारला होता. आज त्यांच्याच खात्यावरून मी, त्यांची पत्नी, लिहीत आहे. सुकाणूताईंचे उत्तर त्यांनी मला वाचून दाखवले आणि दुसऱ्याच रविवारी बोटीची किल्ली माझ्या हाती दिली. गेले तीन रविवार एलिझाबेथ नदीवर धक्क्याला बोट लावण्याचा सराव मी करते आहे. पहिल्या दिवशी अकरा प्रयत्नांत दोन जमले, परवा दहापैकी आठ. दहा दिवसांचा बेत आम्ही रद्द केला असून पाच आठवडे राखून ठेवले आहेत. मला एवढेच विचारायचे आहे, की डिस्मल स्वॅम्प कालव्याच्या सुरुवातीच्या डीप क्रीक लॉकमध्ये शिरल्यावर दोर क्लीटला बांधून मोकळे व्हायचे, की धरून उभे राहायचे?

सुकाणू_माझ्याकडे :
ताई, धरूनच उभे राहायचे. डीप क्रीकला बोट सुमारे आठ फूट वर चढते, तेव्हा सैल पडणारा दोर आत ओढत राहावे लागते. कालव्याच्या दुसऱ्या टोकाच्या साउथ मिल्स लॉकला ती तेवढीच खाली उतरते. तिथे दोर पक्का बांधला असेल तर बोट त्यालाच लटकते. म्हणून क्लीटला एकच वेढा द्यावा, टोक हातात ठेवावे आणि पाणी उतरेल तसा दोर सोडत जावे. पुढचा दोर त्यांच्याकडे, मागचा आपल्याकडे, गिअर न्यूट्रलला. हातमोजे घालायला विसरू नका, भिंती शेवाळलेल्या असतात आणि दोर हात कापतो.