वर्षाच्या बारा रजा आणि अठरा दिवसांची वारी

टाळकरी

माझे वय एकतीस, नोकरी हिंजवडीत, काम एका अमेरिकी ग्राहकाच्या बिलिंग प्रणालीच्या देखभालीचे. पत्नी बँकेत नोकरीला आहे, मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि वडील गेली बावीस वर्षे माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला पायी जाणारे माळकरी आहेत. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. यंदा चालणे जमणार नाही असे ते तोंडाने म्हणाले नाहीत. त्यांनी आपल्या पडशीतले टाळ काढले, त्यांना नवी दोरी ओवली आणि ते माझ्या कपाटात, इस्त्रीच्या शर्टांशेजारी ठेवून दिले. त्याचा अर्थ मला कळला आणि तेव्हापासून मी रजांचा हिशेब मांडत बसलो आहे.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वर्षात 240 दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक, म्हणजे किमान बारा दिवस भरपगारी रजा मिळते. आमच्याकडे तोच आकडा पाळला जातो. वर्षाला आठ नैमित्तिक रजा वेगळ्या असतात; त्या मुलीचा ताप आणि सोसायटीतले पाणी यांतच संपतात. आता दुसरी बाजू पाहा. 2025 मध्ये माउलींची पालखी 19 जूनला निघाली आणि आषाढी एकादशी 6 जुलैला, रविवारी आली. शनिवार-रविवार वजा केले तर मधले कामाचे दिवस बरोबर बारा भरतात. यंदा, 2026 मध्ये, अधिक ज्येष्ठामुळे एकादशी 25 जुलैवर गेली आहे, पण गणितात एखाद्या दिवसापलीकडे फरक पडत नाही. थोडक्यात, संपूर्ण वारी चालायची तर वर्षभराच्या रजा पांडुरंगाच्या पायावर घालाव्या लागतात आणि मागे कोकणची सहल, मेहुण्याचे लग्न, काहीच उरत नाही.

माझे मत असे आहे की त्या घालाव्यात. नोकरी, देव, घर आणि विरंगुळा या चौघांना रोज थोडे थोडे द्यावे, म्हणजे कोणी उपाशी राहत नाही, असे आम्हाला सगळे सांगतात. मी चार वर्षे हे केले. संध्याकाळी हरिपाठाला बसतो तेव्हा फोन पालथा ठेवलेला असतो आणि तो थरथरला की देवघराचा पाटही थरथरतो. ओठांवर अभंग चालू राहतो आणि मन सर्व्हरकडे जाते. मुलीला गोष्ट सांगतानाही हेच होते. काही गोष्टी तुकड्यांनी घेता येत नाहीत. वारीची वेळ मुळात खरिपाच्या पेरणीनंतरच्या मोकळिकीला धरून आहे. शेतकरी पेरतो, आभाळाकडे पाहतो आणि निघतो. आमचे वेळापत्रक तिमाहीवर चालते आणि गेल्या वर्षी 30 जून नेमका वाटचालीच्या मधोमध आला होता. (ग्राहकाची 4 जुलैची सुट्टी मात्र आम्ही न चुकता पाळतो, म्हणजे त्या दिवशी तो सुट्टीवर असतो आणि आम्ही त्याची यंत्रणा सांभाळतो.) मला एकदा तरी अठरा दिवस सलग एकाच गोष्टीचे व्हायचे आहे. आपणांस काय वाटते?

खुरपे

आपले लेखन मनापासूनचे आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिते. माझे माहेर फलटण तालुक्यात, पालखीच्या वाटेवरच आहे आणि आमच्या घरातूनही वारी चालते. पेरून निघालेल्या वारकऱ्याचे चित्र आपण काढलेत ते खरे आहे, पण त्या चित्राची चौकट लहान आहे. पेरणीनंतर पाऊस बरा झाला तर पंधरा-वीस दिवसांत तण वर येते आणि खुरपणी लागते. आजोबा पंढरपूरजवळच्या वाखरीत असत तेव्हा आजी बाजरीच्या सरीत बसलेली असे, गुरांचे शेण-पाणी तिच्याकडे असे आणि एकादशीचा उपवासही ती करीतच असे. तिने पंढरपूर पाहिले ते वयाच्या साठीत, तेही एसटीने.

वारीत बायका मोठ्या संख्येने चालतात हे मला माहीत आहे. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या त्या बायकांकडे पाहून माझेही डोळे भरतात. पण एकदा त्यांची वये पाहा. बहुतेक जणी नातवंडे झाल्यावर निघालेल्या असतात. जिच्या घरी साडेतीन वर्षांचे मूल आहे ती दिंडीत क्वचित दिसते, कारण तिच्या वाट्याची वारी कोणीतरी आधीच चाललेले असते.

आपल्या संपूर्ण लेखात पत्नीचे वाक्य एकही नाही. बारा रजा आपल्या आहेत, पण त्या अठरा दिवसांत मुलीला पाळणाघरातून आणणे, शस्त्रक्रिया झालेल्या सासऱ्यांचे फिजिओथेरपीचे दिवस आणि स्वतःची बँक हे सारे ज्या वेळातून निघणार आहे तो वेळ आपला नाही.

रात्रपाळी

मी सतरा जणांच्या गटाचा प्रमुख आहे, त्यामुळे मी कार्यालयाच्या खुर्चीतून बोलतो आहे असे समजावे. सलग बारा दिवसांची रजा आम्हाला अडचणीची वाटते हा समज चुकीचा आहे. तीन महिने आधी सांगितलेली सलग रजा सांभाळणे सोपे असते, कारण काम रीतसर दुसऱ्याच्या हाती सोपवले जाते आणि माणूस नाही हे सर्वांना ठाऊक असते. त्रास होतो तो आदल्या रात्री निरोप येणाऱ्या शुक्रवारांचा. तेव्हा कार्यालयाला बागुलबुवा करू नये, रजा मागून पाहावी.

माझा आक्षेप वेगळा आहे. ही रजा देवासाठी आहे म्हणून तिला वरचे पान मिळावे, असा सूर आपल्या लेखात मला ऐकू आला. माझ्या गटात एक मुलगा दरवर्षी हिमालयात चढाईला जातो, एक जण रमजानच्या महिन्यात सकाळी सातला काम सुरू करून लवकर निघतो आणि एका मुलीला तबल्याच्या परीक्षेसाठी आठ दिवस हवे असतात. मी कारण विचारत नाही. एकाच्या श्रद्धेचे वजन दुसऱ्याच्या छंदापेक्षा जास्त धरायला लागलो तर त्या तराजूला बसायची माझी लायकी नाही, आणि आपलीही नसावी.

वाखरी

तीस-बत्तीस वर्षे रथामागच्या एका दिंडीत चालतो, निवृत्त शिक्षक आहे. थोडे कडक लागले तर वय समजून सोडून द्यावे.

"एकदा तरी" हा आपला शब्द मला खटकला. वारी या शब्दातच पुन्हा पुन्हा जाणे आहे. एकदाच जाणे ही यात्रा झाली. ती चांगलीच गोष्ट आहे, पण तिला वारी म्हणत नाहीत. माळ घातलेला माणूस पुढच्या वर्षीचे आधी ठरवतो. जी नोकरी आपल्याला पुढची पंचवीस-तीस वर्षे करायची आहे, तिच्याबरोबर दरवर्षी जेवढे निभेल तेवढेच अंगावर घ्या आणि मग ते चुकवू नका. तीन दिवस ठरले तर तीनच, पण दरवर्षी.

अर्धी वारी कमी दर्जाची, असे मानणारे लोक दिंडीतही भेटतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. अरणचे सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेलेच नाहीत अशी परंपरा आहे आणि आपल्या संतमालिकेत त्यांचे स्थान कोणी खाली ओढलेले नाही. उलट ज्या हैबतबाबा आरफळकरांनी आजच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली, ते ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या पदरी होते आणि सोहळ्याचे काम त्यांनी अंगावर घेतले ते ती चाकरी सुटल्यानंतर. सगळे एकाच वयात साधावे ही घाई आपल्या पिढीची आहे.

आणि फोन थरथरतो म्हणून हरिपाठ होत नाही, हे कारण मला पटले नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.

टाळकरी

काकांचे शेवटचे वाक्य लागले, कारण ते खरे आहे. तरीही दोन गोष्टींशी मी सहमत नाही.

देखभालीच्या पाळीत असताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येत नाही. पंधरा मिनिटांत उत्तर न दिल्यास तो प्रश्न वरच्या माणसाकडे जातो आणि महिनाअखेरीस त्याची मोजणी होते. सावता महाराजांचा मळा आणि आमचे काम यांत हाच फरक आहे. मोटेवर नामस्मरण होऊ शकते, कारण हात गुंतलेले असले तरी चित्त मोकळे असते. आमचे हात मोकळे आणि चित्त गुंतलेले असते. "कामातच देव पाहावा" हा उपदेश आम्हाला वारंवार केला जातो, आणि तो करणाऱ्यांनी एकदा आमच्या खुर्चीत बसून तो अमलात आणून दाखवावा, एवढीच विनंती आहे.

रात्रपाळी यांना एवढेच सांगतो की मला वरचे पान नको आहे. पण छंद आणि व्रत यांत फरक नाही असे मात्र मी म्हणणार नाही. माझ्या कपाटातले टाळ हा माझा छंद नाही. ते मी निवडलेले नाहीत.

खुरपेताईंना आज उत्तर देत नाही. आधी घरी बोलतो.

गिरणगाव

या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे, म्हणून मध्ये पडतो. रविवारची सुट्टी आपण हक्काची समजतो, ती कुणीतरी मागून घेतलेली आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून ती लावून धरली आणि 10 जून 1890 रोजी ती मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, असेही एक कारण त्या मागणीत दिले होते असे सांगितले जाते. म्हणजे देव, विश्रांती आणि घर ही तीन खाती त्या मागणीत वेगळी काढलेलीच नव्हती. अंग दुखणाऱ्या माणसाला एक दिवस हवा होता आणि त्या दिवशी तो जेजुरीला जाईल, झोपेल की पोराला खांद्यावर घेऊन बाजारात जाईल, हा त्याचा प्रश्न होता.

म्हणून मला रात्रपाळी यांचे म्हणणे अर्धेच पटते. कारण विचारू नये, हे बरोबर. पण बारा दिवस हेच नैसर्गिक माप आहे आणि त्यात कुणी वारी करावी व कुणी बाळाचे आजारपण काढावे, हे आपण सर्वांनी इतके निमूट मान्य केले आहे की नवराबायको त्या बारा दिवसांवरून भांडतात आणि बारा हा आकडा तसाच राहतो. कायद्याने सांगितलेले ते किमान आहे, कमाल नव्हे. त्याहून जास्त देऊ नये असे कुठेही म्हटलेले नाही.

भरतीओहोटी

मी गोव्यातल्या वास्कोचा. आमच्याकडे श्रावणात दामोदराचा सप्ताह होतो, त्यात चोवीस तास अखंड भजन चालते. अखंड असते ते भजन. माणूस अखंड नसतो. एक गट उठतो, दुसरा बसतो, बंदरातली पाळी संपवून आलेले लोक रात्री दोनला टाळ हातात घेतात आणि पहाटे कामावर जातात. आपल्याकडच्या हरिनाम सप्ताहातही वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून पहाऱ्यांचा तक्ता मंडपाच्या खांबाला लावलेला असतो. मी लहानपणी एकदा पहाटे तीन ते चारचा पहारा केला होता; चारला येणारे काका साडेचारपर्यंत आले नाहीत, तेव्हा वीणेचे वजन किती असते ते खांद्याला कळले.

सलग अठरा दिवस एकट्याने धरणे हीच श्रद्धेची कसोटी, असे टाळकरी यांना वाटते. माझ्या पाहण्यात तरी परंपरेने सोय पाळीचीच केलेली आहे. अट एकच, पुढचा माणूस वेळेवर आला पाहिजे.

खुरपे

भरतीओहोटी यांचे उदाहरण सुंदर आहे, पण तेच माझे म्हणणे आहे. घराच्या तक्त्यावर साडेचारपर्यंत वीणा धरून उभी कोण राहते?

टाळकरी

चार दिवसांनी लिहितो आहे. पत्नीला सर्व वाचून दाखवले. ती आधी हसली आणि मग तिने स्वतःच्या रजांचा हिशेब सांगितला: गेल्या वर्षी पाच दिवस माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेला, तीन मुलीच्या शाळेच्या पहिल्या आठवड्याला, दोन माझ्या डेंग्यूला. स्वतःसाठी एक, आणि त्या दिवशी ती काय करीत होती ते मला आठवले नाही. ती दुपारी बारापर्यंत झोपली होती, असे तिने सांगितले. माझा हिशेब अर्धा दिवस धरून अचूक होता आणि तिचा मला ठाऊकच नव्हता, एवढे येथे कबूल करतो.

तिने "जा" असे म्हटलेले नाही. परवानगी देणाऱ्या मोठ्या मनाच्या बाईची भूमिका मला नको, असे तिचे शब्द आहेत. यंदा सहा दिवस मी घ्यायचे आणि डिसेंबरात सहा दिवस मी घरी राहून ती तिच्या मैत्रिणींबरोबर हंपीला जायचे, असे तिने कॅलेंडरवर लिहिले आहे. माझ्या सहा दिवसांखाली पेन्सिलने आणि तिच्या सहा दिवसांखाली पेनने.

त्यामुळे आळंदी नाही, दिवेघाट नाही, चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगणही नाही. नातेपुत्यात दिंडीत सामील व्हायचे आणि माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे चालायचे. हे मला पुरेसे वाटत नाही आणि ते लपवण्याचे कारणही दिसत नाही. सलग अठरा दिवसांबद्दलचे माझे मत अजून तेच आहे. वडिलांना सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की नातेपुत्याला पोचणार कसा, आणि मग फोनवरून दिंडीप्रमुखांना स्वतःच्या नावाऐवजी माझे नाव लिहून घ्यायला लावले.

वाखरीकाका, अर्ध्या वाटेवर येणाऱ्याकडून दिंडीत भिशी (जेवणाखाणाची वर्गणी) पूर्ण घेतात की दिवसांप्रमाणे, आणि तंबूत झोपायला जागा मिळते की ट्रकखाली सोय करावी लागते, हे कळवावे.

वाखरी

भिशी दिंडीदिंडीवर अवलंबून आहे. आमच्याकडे दिवसांप्रमाणे घेतात. जागा मिळेल, पण पावसाळी कापड स्वतःचे आणावे आणि चपला नव्या आणू नयेत.

डिसेंबरातले सहा दिवस आताच रजेच्या अर्जात टाकून ठेवा.