पुसलेले बुकमार्क परत मिळतील का?

प्रश्न (इंदूर): राजवाड्याजवळील आमच्या दुकानाच्या संगणकावर क्रोममधील जीएसटीच्या दुव्यांचा अख्खा फोल्डर माझ्याच हातून पुसला गेला. तो परत मिळवता येईल का?

पहिले उत्तर: आत्ताच पुसला असेल, तर बुकमार्क मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि झेड दाबून पाहावे.

दुसरे उत्तर: तेवढ्याने न भागल्यास क्रोम पूर्ण बंद करावे आणि पुन्हा उघडण्याआधी प्रोफाइलच्या फोल्डरमधील (क्रोम जिथे तुमची माहिती साठवते तो) ‘बुकमार्क्स.बॅक’ (Bookmarks.bak) या बुकमार्कच्या आधीच्या प्रतीच्या फाइलची प्रत दुसरीकडे ठेवावी, कारण ती फाइलही पुढे बदलली जाते; मग मूळ ‘बुकमार्क्स’ फाइल बाजूला काढून त्या प्रतीला तेच नाव द्यावे. सिंक, म्हणजे खात्यामार्फत सगळ्या उपकरणांवर बुकमार्क सारखे ठेवण्याची सोय, चालू असल्यास आधी इंटरनेट तोडावे.

प्रश्नकर्ता: फोल्डर परत मिळाला, आभारी आहे. घरी मात्र फायरफॉक्स आहे.

दुसरे उत्तर: तिथे काम सोपे आहे, लायब्ररीतील (बुकमार्क सांभाळण्याच्या खिडकीतील) ‘रिस्टोअर’मध्ये तारखेनुसार प्रती असतात, पण निवडलेली प्रत सध्याचे सर्व बुकमार्क बदलते.