बीगल, बेदाण्याचं शेड आणि माझी उडालेली झोप

द्राक्षबागवाली, तासगाव तालुका

नमस्कार मंडळी. माझ्याकडं चार वर्षांचा बीगल आहे. आहे म्हणजे, गळ्यात पडलाय. दिरानं पुण्याच्या फ्लॅटमध्ये हौसेनं आणला, त्याच्या रडण्यावरून सोसायटीनं नोटिसा लावल्या, आणि दिवाळीला आलेला दीर कुत्रं इथं ठेवून फराळाचे डबे घेऊन बेंगळुरूला गेला. कागदावर नाव ब्रूनो. पहिल्या रात्री मान वर करून त्यानं जो सूर लावला तो ऐकून आमच्या आत्याबाई (सासूबाई) म्हणाल्या, "आगं, ह्यो तर कारखान्याचा भोंगा!" तेव्हापासून भोंगा.

स्वभावानं सोनं. चावणं नाही, गुरगुरणं नाही, म्हशीच्या पायाशी झोपतो. पण नाक एकदा जमिनीला टेकलं की कान बंद. हातभर अंतरावरून हाका मारल्या तरी शेपूटसुद्धा हलत नाही. आधी आमच्याकडं गावठी मोत्या होता, तो हाकेसरशी उसातनं धावत यायचा. म्हणून मला वाटायचं कुत्रं म्हणजे असंच असतं.

आता मुद्दा. बेदाण्याचं, म्हणजे द्राक्षं रॅकवर वाळवायचं, शेड घरापासून दोनशे फुटांवर. गेल्या मंगळवारी पहिला माल झाडायला घेतला. रॅक झाडले की खाली ताडपत्रीवर बेदाण्याचा ढीग पडतो. बायका चहाला उठल्या तेवढ्यात पठ्ठ्यानं पट्ट्यातनं मान काढली. मी गेले तर ताडपत्रीच्या कडेला बसून निवांत खात होता. आयुष्यात पहिल्यांदा आवाज न करता. एकजण म्हणाला, "बेदाण्यानं काय होतंय वैनी, माणसं भिजवून खात्यात." पण कुत्र्याला द्राक्षं-बेदाणे विषारी असतात असं कुठंतरी वाचलेलं डोक्यात होतं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "किती खाल्ले ते मोजत बसू नका, आधी आणा."

तासाभरात सांगलीत पोहोचलो. ओकारीचं औषध दिलं, आणि जे बाहेर पडलं ते बघून माझे पाय लटपटले. मूठ-दीड मूठ बेदाणे, चावलेलेसुद्धा नाहीत, शिऱ्यात टाकल्यावर होतात तसे टपोरे फुगलेले. दोन दिवस सलाईन, किडनीच्या तपासण्या. आता ठणठणीत आहे. मी नाही. एप्रिलपर्यंत शेड चालू राहणार, आणि हा रोज सकाळी तिकडं तोंड करून बसतो. कायम बांधून ठेवला तर भोंगा वाजतो आणि लहान लेकराची झोप मोडते. कुणी बीगल सांभाळलाय का? शिवाय आत्याबाईंच्या दूध-भाकरीवर वजन १७ किलोच्या वर गेलंय, ते वेगळंच.

मिरजेचा_पेन्शनर

ताई, आमची बीगल नऊ वर्षांची आहे. पहिली दोन वर्षं मीही हाका मारून घसा बसवून घेतला. ही जात इंग्लंडात सशाच्या मागावर सोडायला तयार केली, तीही कळपानं. मालक मागं राहिला तरी वास सोडायचा नाही, हाच तिचा गुण. आपण त्याला अवगुण म्हणतो. रडणंही त्यातलंच. माग लागला की बाकीच्यांना कळवायचं, आणि एकटं पडलं की कळप शोधायचा. अमेरिकेत १९८४ पासून विमानतळांवर सामानात लपवलेली फळं आणि मांस हुडकायला बीगल ठेवतात. तुमचा भोंगा तेच काम करतोय, फक्त बिनपगारी.

त्यामुळं त्याला काम द्या. जेवणाच्या ताटलीला रजा. त्याच्या वाट्याचे तुकडे गोणपाटाच्या घड्यांत, कडब्याच्या पेंढीत, जुन्या टॉवेलच्या गाठींत लपवा आणि शोधू दे. आमची वीस मिनिटं असं हुंगली की तासभर फिरवल्यापेक्षा जास्त दमते. फिरवताना गळ्यातला पट्टा नको, तो मान बारीक करून निसटतो हे तुम्ही पाहिलंच. छातीवरून येणारा हार्नेस घ्या, मापाचा. त्याला तीस फुटी कासरा लावा आणि बांधाबांधानं त्याला हवं तसं हुंगू द्या. आपण ओढायचं नाही, मागनं चालायचं. लोक हसतात. माझ्यावर अजून हसतात.

आणि आठवड्यातून एकदा कान उलटून वास घ्या. लोंबत्या कानात हवा जात नाही. आंबलेल्या पिठासारखा वास आला की यीस्ट (बुरशी) झालंय समजा आणि डॉक्टरांकडं न्या. काडीला कापूस गुंडाळून आत घालू नका. मी घातला होता, शिव्या खाल्ल्या.

कारवानवाला_जत

एवढा ताप कशाला? आमच्याकडं दोन कारवान (शिकारी कुत्री) हायत. माळावर सोडतो, दिसलं की पळत्यात, संपलं की माघारी येत्यात. तुमचं पण सोडा की शेतात. कुत्र्याला कासरा लावून मागनं माणूस चालतंय, हे मी आजवर बघितलं न्हाई.

मिरजेचा_पेन्शनर

पाहुणं, तुमचा कारवान डोळ्यानं शिकार करतो. ससा नजरेआड झाला की विषय संपला. ह्याचा विषय तिथं सुरू होतो. जनावर तासाभरापूर्वी गेलेलं असलं तरी वास जमिनीवर असतोच. आमची एकदा म्हैसाळ रस्त्यानं गेली ती संध्याकाळी सापडली. समोरनं ट्रक येतोय हे तिच्या गावीही नव्हतं.

कारवानवाला_जत

बरं. मग त्याच्या शेपटाचं टोक पांढरं का असतंय तेवढं सांगा.

मिरजेचा_पेन्शनर

मान खाली आणि शेपूट वर. उंच गवतात कुत्रं नाही दिसलं तरी झेंडा दिसतो.

जनावरांचा_डॉक्टर, विटा

बाई, तुम्ही वेळेत नेलंत म्हणून वाचला. थोडं लिहितो, कारण आपल्या भागात ही केस दर हंगामात येते आणि निम्मे लोक दोन दिवस उशिरा येतात.

किती बेदाण्यांनी बाधा होईल हे आधी सांगता येत नाही. एखादं कुत्रं मूठभर पचवतं, एखाद्याची किडनी थोड्याशानं बसते. पहिल्या दिवशी उलट्या, मलूलपणा, खाणं बंद. मग एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. लघवी थांबल्यावर आणलं तर आमच्या हातात फार काही उरत नाही. २०२१ पासून संशय टार्टारिक आम्लावर आहे. ते ताज्या द्राक्षांतही असतं. त्यामुळं बेदाणा, मनुका, बागेत गळलेला घड, प्रसादाचा शिरा, सगळं बंद. आणि चिंचेतही तेच आम्ल असतं, म्हणून चिंच घातलेली आमटी भाकरीवर ओतून देऊ नका.

घरी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. गावात सर्रास करतात. मिठाचीच विषबाधा होऊन कुत्रं दगावू शकतं.

शेडपुरतं म्हणाल तर झाडणीच्या दिवशी जाळीचं मुस्कं घाला. त्यातनं धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, पण भरपूर खाता येत नाही. कापडी पट्टीचं नको, उन्हात जीव गुदमरेल. डिपिंगचा (वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायचा) ड्रम झाकून ठेवा, पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी तोंडाला बाधतं. उंदराचं औषध कुठं ठेवलंय ते एकदा सगळ्या घराला विचारा. आणि नदीकाठचं गाव असेल तर पावसाळ्याआधी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातनं पसरणारा आजार) लस. पूर ओसरला की उंदरांच्या मुताचं पाणी डबक्यांत साठतं आणि हा पहिला तिथंच नाक घालणार.

वजन १३ च्या आसपास आणा. हात फिरवल्यावर फासळ्या बोटांना लागल्या पाहिजेत.

द्राक्षबागवाली, तासगाव तालुका

दोन महिन्यांनी लिहितेय, माफ करा. शेवटचा माल परवा वॉशिंगला गेला.

हार्नेस मागवला. पहिला सैल निघाला, त्यातनंही निसटला. दुसरा बसला. कासरा बैलाचाच घेतला, आमच्याकडं बैल नाहीत पण कासरा आहे. सकाळी सहाला मी आणि भोंगा बांधानं. एकदा मुंगसाच्या मागावर त्यानं मला शेजाऱ्याच्या हळदीच्या रिकाम्या वावरातनं तीन फेऱ्या मारायला लावल्या, तिथंच, त्याच रेषेवर. शेजाऱ्याला वाटलं मी जमीन मोजतेय.

मुस्क्याला पहिले चार दिवस पंजे मारले, मग विसरला. तरी झाडणीच्या दिवशी ताडपत्रीपाशी मीच उभी राहिले, कारण त्यानं मुस्क्याची जाळी ढिगात दाबून एक बेदाणा जिभेनं ओढायचा प्रयत्न केला होता.

खरी अडचण आत्याबाईंची होती. "मुक्या जनावराच्या पोटावर काय मारतीस?" मी डॉक्टरांचं लिहिलेलं वाचून दाखवलं, काही फरक नाही. मग भाकरी लपवायचं काम त्यांच्याकडंच दिलं. आता त्या दुपारी पदराखाली तुकडे घेऊन गोठ्यात जातात, कडब्यात, घमेल्याखाली, खुराड्यामागं ठेवतात, आणि येऊन सांगतात, "आज सापडायचं न्हाई त्याला." चार मिनिटांत सापडतं. मग रागानं दुसऱ्या दिवशी आणखी अवघड जागा. तुकडे तेवढेच, पण त्यांना वाटतं खूप दिलं. रात्रीचा भोंगाही कमी झालाय. पहाटे पाचला एकदा वाजतो, तेव्हा तसंही दूध काढायला उठायचं असतं.

वजन बेदाण्याच्या काट्यावर केलं. आमची पेटी पंधरा किलोची भरते. काट्यावरचा गडी ओरडला, "वैनी, पेटीत आठशे ग्रॅम जादा हाय!"