'प्रॉस्पेक्ट'ला होतकरू म्हणावं का? आणि रँकिंग म्हणजे क्रमवारी की प्रतवारी?

रानजाई
बाल्टिमोर ओरिओल्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या मायनर लीगमधल्या (मेजर लीग या सर्वोच्च पातळीच्या खालच्या) खेळाडूंवरचा एक लेख इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मराठीत आणते आहे. लेख 2024 च्या हंगामाआधीचा आहे. जॅक्सन हॉलिडे, सॅम्युएल बसायो, कोबी मेयो अशी नावं आणि कोण कुणाच्या वर असावं याची चर्चा. मी 'प्रॉस्पेक्ट'ला (मेजर लीगपर्यंत पोचेल अशी आशा असलेल्या तरुण खेळाडूला) 'होतकरू खेळाडू' आणि 'रँकिंग'ला 'क्रमवारी' लिहिलं. संपादकांनी खोडून 'उदयोन्मुख' आणि 'मानांकन' केलं. मला दोन्ही बदल पटलेले नाहीत. तुम्ही काय लिहाल?

दौत_लेखणी
मानांकन नक्कीच नको. टेनिसमध्ये तगडे खेळाडू पहिल्याच फेरीत एकमेकांना भिडू नयेत म्हणून सोडत काढण्याआधी देतात ते मानांकन. इथे सोडत नाही, फेऱ्या नाहीत.
'उदयोन्मुख'सुद्धा वर्तमानपत्री आहे. होतकरू छान. होऊ घातलेला आणि करू पाहणारा, दोन्ही त्यात आलं.

उजवा_कोपरा
तो 'करू' करू पाहण्यातला नाही हो. यात्रेकरू, भाडेकरू, वाटेकरू यांच्या शेपटाला लागतो तोच हा. अर्थ चांगलाच आहे, पण 'गरीब व होतकरू विद्यार्थी' या जोडीनं त्याला इतकं बांधून टाकलंय की वाचकाला आधी शिष्यवृत्तीचा अर्ज आठवतो.
माझं मत 'उमेदवार'. निवडणुकीतला नव्हे, जुना. वकिलाच्या हाताखाली लोक उमेदवारी करायचे, आयटीआयच्या नोटिशीत आजही 'शिकाऊ उमेदवार' असतो. मायनर लीग म्हणजे शब्दशः उमेदवारीच. काम खरं, पगार तुटपुंजा, आणि वर घेतील याची खात्री नाही. 2023 च्या करारापर्यंत ट्रिपल-एचा (मायनर लीगच्या सगळ्यांत वरच्या पायरीचा) किमान पगार वर्षाला 17,500 डॉलर होता, तो 35,800 झाला.

चौकट
उमेद फारसी, वार फारसी. मेयरला महापौर रुळतो, तर इथे 'भावी खेळाडू' का नाही रुळणार?

उजवा_कोपरा
कारण 'भावी'त खात्री आहे. भावी पती म्हटलं की लग्न ठरलेलं असतं. ब्रायन टेलरला यांकीज संघानं 1991 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) सगळ्यांत पहिला उचलला. खांदा गेला आणि तो मेजर लीगचा एकही सामना खेळला नाही. उलट माइक पियाझा 1988 मध्ये 62 व्या फेरीत निवडला गेला आणि 2016 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोचला. दोघांनाही लागू पडेल असा शब्द हवा. 'उमेद'मध्ये आशा आहे, हमी नाही.

पाटीवरचा_खडू
खेळाडूच्या नावापेक्षा यादीच्या नावाचा प्रश्न मोठा आहे, कारण लेखातला वाद तिथेच आहे. रानजाई, ज्या यादीवरून हा लेख आहे तिच्यात नावांपुढे 55, 50, 45+ असे आकडे आहेत का? असतील तर ती क्रमवारी नाही, प्रतवारी आहे. कापसाची, कांद्याची करतात तीच.

स्काउट (खेळाडू हेरणारे पारखी) 20 ते 80 ची पट्टी वापरतात. 50 म्हणजे मेजर लीगची सरासरी, आणि दर 10 गुण म्हणजे एक प्रमाण विचलन. फलंदाजाची पाच अंगं ('टूल्स') स्वतंत्र मोजतात: बॅटला चेंडू लागणं, ताकद, धाव (म्हणजे पळणं), क्षेत्ररक्षण, फेक. शेवटी एकंदर भविष्यमूल्याचा एकच आकडा. 50 म्हणजे रोज खेळणारा नियमित खेळाडू, 60 च्या आसपास ऑल-स्टार, 40 म्हणजे राखीव बाकावरचा किंवा बुलपेनमधला, म्हणजे बदली पिचर (चेंडू टाकणारा).

एका संघाच्या तीस जणांच्या यादीत बहुतेक नावं 40 आणि 45 मध्येच दाटलेली असतात. तिथे चौदावा आणि बाविसावा यांत खरा फरक काहीच नसतो. क्रमवारी लिहिलीत की वाचकाला वाटतं, चौदावा आठ घरं पुढे आहे.

यादी करायचीही तशीच: आधी प्रत ठरवा, मग एकाच प्रतीतल्यांना लावा. तिथे वय आणि पातळी बघा, क्षेत्ररक्षणाची जागा बघा (शॉर्टस्टॉप, सेंटर फील्ड आणि यष्टिरक्षकासारखा कॅचर यांना वजन जास्त, फर्स्ट बेसला कमी), आणि पिचर असेल तर एक पायरी खाली ओढा. कोपराचा स्नायुबंध फाटला की शस्त्रक्रिया आणि बारा ते अठरा महिने बाहेर. एवढा धोका आकड्यात धरलाच पाहिजे.

दौत_लेखणी
पण प्रत वस्तूची. माणसाची प्रत काढणं कानाला खटकतं. 'गुणानुक्रम' घ्या, किंवा बोर्डाची होती तशी 'गुणवत्ता यादी'.

पाटीवरचा_खडू
गुणवत्ता यादी झालेल्या परीक्षेची असते. इथे परीक्षा अजून व्हायची आहे. नुसत्या मायनर लीगच्या आकडेवारीवरून यादी लावली तर हमखास फसते. अल्बुकर्की आणि रीनो उंचावर आहेत, हवा विरळ, चेंडू लांब जातो, तिथली सरासरी फुगलेली असते. चोवीस वर्षांच्या खेळाडूनं हाय-एमध्ये (ट्रिपल-एच्या दोन पायऱ्या खाली, मध्ये डबल-ए) पंचवीस होमरन मारले तर त्याला विशेष भाव नाही, एकोणीस वर्षांच्या पोरानं डबल-एमध्ये नुसता तग धरला तरी आहे. हॉलिडे 2023 मध्ये एकोणिसाव्या वर्षी डेलमार्वा, ॲबरडीन, बोवी, नॉरफोक (ओरिओल्सचे खालून वर मायनर लीग संघ) अशा चारही पायऱ्या एका हंगामात चढला. पहिला नंबर त्याला त्यासाठी मिळाला.

तिठा
आणि एप्रिल 2024 मध्ये मेजर लीगमध्ये वर आला तेव्हा 34 ॲट-बॅटमध्ये (फलंदाजीच्या संधींत) 2 हिट, 18 वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). परत नॉरफोकला. मग पहिला नंबर कसला?

पाटीवरचा_खडू
दहा सामन्यांवरून प्रत बदलत नाही. तो जुलैअखेर परत आलाच.

सांजवात
धावेच्या गुणाबद्दल थोडं, कारण लेखात वेळा दिल्या असतील तर भाषांतरात चूक होते. होम प्लेटपासून (फलंदाजाच्या जागेपासून) फर्स्ट बेसपर्यंत 90 फूट. चेंडू बॅटला लागला की घड्याळ सुरू, पाय बेसवर पडला की बंद. उजव्या हातानं खेळणाऱ्याला 4.3 सेकंद म्हणजे 50, 4.0 म्हणजे 80. डावखुरा बेसच्या एक पाऊल जवळ उभा असतो, म्हणून त्याला प्रत्येक गुणाला दशांश सेकंद कमी: 4.2 ला 50, 3.9 ला 80. बंटची (बॅटनं चेंडू नुसता हळूच ढकलण्याची) वेळ धरायची नाही, कारण तो आधीच पळत सुटलेला असतो. फटका पूर्ण न करता पळालेला असेल तीही टाकून द्यायची. म्हणून 'वेग' लिहू नका, 'धाव' लिहा. वेग म्हटलं की पिचरचा चेंडू डोळ्यांसमोर येतो.

पिचरच्या चेंडूच्या वेगाची पट्टी तर सरकतेही. साधारण 2008 मध्ये सरासरी फास्टबॉल ताशी 92 मैलांच्या आसपास होता, आता 94. म्हणजे तेव्हाचा 50 चा चेंडू आज 50 चा राहिलेला नाही.

चौकट
'टूल'ला अंग का? हत्यार का नाही?

सांजवात
क्रिकेटवाले म्हणतातच की, 'खेळाच्या सगळ्या अंगांत तयार'. हत्यार बाहेरून हातात देतात.

मधली_वाट
पाटीवरचा_खडू, प्रतवारी मान्य, पण क्रमांकाला किंमत नाही हे मान्य नाही. 2022 च्या करारापासून नियम आहे. ठरलेल्या तीन याद्यांपैकी किमान दोन याद्यांच्या पहिल्या शंभरात असलेला नवखा संघानं वेळेत वर आणला, त्याची मेजर लीगमधली वर्षभराची सेवा भरली आणि तो रुकी ऑफ द इयर (वर्षाचा सर्वोत्तम नवखा) झाला, तर संघाला ड्राफ्टमध्ये जादा निवड मिळते. सिएटलला हुलिओ रॉड्रिगेसमुळे मिळाली, ॲरिझोनाला कॉर्बिन कॅरोलमुळे. पंचाण्णवावा आणि एकशेदहावा एकाच प्रतीचे असतील, पण नियमाची रेघ शंभरावर आहे. तिथे क्रमवारीच.

आणि यादीत कोण राहतो तेही मोजमापावरच. फलंदाजाच्या 130 ॲट-बॅट किंवा पिचरच्या 50 इनिंग ओलांडल्या की नाव बाहेर, मेजर लीग संघात 45 दिवस ओलांडले तरी. गनर हेंडरसनला ओरिओल्सनी 31 ऑगस्ट 2022 ला वर आणलं, त्याचे 116 ॲट-बॅट झाले. चौदानं वाचला, 2023 ला नवखाच राहिला आणि रुकी ऑफ द इयर झाला.

रानजाई
आकडे आहेत, 45+ सुद्धा. 'सीलिंग' आणि 'फ्लोअर' पण आहेत. संपादकांनी 'छत' आणि 'फरशी' ठेवलंय.

उजवा_कोपरा
छत काढा. 'मजल'. कुठवर मजल मारेल. फ्लोअरला वेगळा शब्दही नको: 'निदान राखीव कॅचर तरी होईल'.

तिठा
बसायोच्या बाबतीत हीच तर भानगड. कॅचर राहिला तर मजल मोठी, फर्स्ट बेसला गेला तर त्याच बॅटची किंमत उतरते. हात दणकट आहे, पण एवढा उंच कॅचर खालच्या चेंडूला गुडघ्यात किती बसेल? मी त्याला मेयोच्या खाली ठेवेन.

पाटीवरचा_खडू
अजिबात नाही. विसाव्या वर्षी ट्रिपल-एला पोचलेला, डाव्या हातानं फलंदाजी करणारा कॅचर मेयोच्या खाली? मेयोचा थर्ड बेसच पक्का नाही, तोही फर्स्टलाच जाणार. मग बॅटला बॅट लावा, आणि बसायो त्याच्याहून अडीच वर्षांनी लहान आहे.

तिठा
मेयोनं ट्रिपल-एची पिचिंग मारून दाखवली आहे. बसायोनं 2024 आधी तिथे पाऊलही टाकलं नव्हतं, आणि लेख तेव्हाचा आहे.

चौकट
'मजल'सुद्धा अरबीच आहे.

रानजाई
अंक शुक्रवारी छापायला जातोय. प्रॉस्पेक्टला होतकरू की उमेदवार, एवढं कुणी सांगेल का?

मधली_वाट
बसायोची पॉप टाइम (चेंडू कॅचरच्या हातात आल्यापासून त्याची फेक बेसवर पोचेपर्यंतची वेळ) किती दिली आहे लेखात? सरासरी कॅचरची सेकंड बेसला 2.0 सेकंद असते. 1.9 च्या आसपास असेल तर तिठांचा मुद्दा निम्मा पडला.